बाळाबाईच्या मिरच्या

उत्रोलीत कुणाच्या चुलीवर काय शिजतंय हे बाळाबाईला आपल्या ओट्यावर बसून वासावरून कळायचं. पण बाळाबाईच्या घरात काय काय साठवलंय, हे मात्र तिच्या नवऱ्याला, आनंदरावांना, सारा संसार एका छपराखाली करूनही नीटसं कळलं नव्हतं. कणगीत तांदूळ असायचा, तो दिसायचा. बाकीचं म्हणजे राख चोळून ठेवलेले वाल, एरंडेलाचा हात फिरवलेली तूरडाळ, मीठ लावून गोळे केलेली चिंच, सांडगे, कुरडया, गेल्या सालचं आंब्याचं लोणचं आणि त्याच्याही मागे दडवलेलं त्याच्या आदल्या सालचं. मुलगा पप्पू चाकणला कंपनीत, सून-नातवंडंही तिकडेच. घरात खाणारी तोंडं दोन. आनंदराव म्हणायचे, "माणसं दोन आन् शिधा लग्नाचा." त्यावर बाळाबाईचं उत्तर ठरलेलं, "पाऊस काय तुमाला इचारून बसतो व्हय?" आणि भोरच्या बाजूचा पाऊस ज्यानं पाहिलाय, तो यावर वाद घालत नाही.

तिची दुसरी ख्याती मसाल्याची. होळी झाली की आळीतल्या बायका भोरच्या बाजारातून वर्षाच्या मिरच्या आणायच्या. कुटायला डंकावर न्यायच्या, पण भाजायला बाळाबाईकडे. मिरची कढईत टाकली की ती फुगून तकतकीत होते, आणि नजर जरा हलली की काळी पडते. मग वर्षभर आमटी कडवट. बाळाबाईच्या हातची मिरची कधी काळी पडली नाही. मात्र भाजताना तिच्या तोंडाचा पट्टाही चालू असायचा. हिच्या धण्यांत खडे, तिचं खोबरं खवट, अमकीच्या सासूला खसखशीची अक्कल नाही. बायका ऐकून घ्यायच्या, कारण बोलणं विसरता येतं, बिघडलेला मसाला वर्षभर ताटात येतो.

आणि आनंदराव? अगदी साधा माणूस. उभी हयात भोरला भातगिरणीवर काढली. पोती उचलली, तूस उपसलं, आणि त्या तुसाची धूळ जन्माची छातीत घेऊन घरी आले. दमा जडला. पहाटे उठले की खोकला सुरू, तो चहा पोटात जाईपर्यंत. उशाला तोंडात मारायचा औषधाचा पंप असायचा. बाळाबाई त्यांच्यावर दिवसभर खेकसायची, पण त्यांच्या ताटात भात कधी गार पडू दिला नाही, आणि दही तर थंडीत समोर येऊ दिलं नाही. आता ह्याला प्रेम म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

कोरोनाच्या साली ऐन पाडव्याला सगळं बंद झालं. आदल्या दिवशी अख्खा गाव भोरकडे धावला. आळीतला सावळाराम म्हणजे पुढं जो ग्रामदक्षता समितीत शिट्टी घेऊन मिरवायला लागला तोच, त्यानं टेम्पोतून साखरेचं आख्खं पोतं, चहापत्तीचे गठ्ठे आणि बिस्किटांचे खोके आणले. बाळाबाई कंबरेवर हात ठेवून बघत होती.

"सावळाराम, चहा पिऊनच मरायचं ठरिवलंय का? जरा डाळ आणायचीस."

"डाळ संपली काकू दुकानातली."

"मंग माज्याकडनं न्ये. पर खोकं हितं उतरवू नगंस, मुंग्या लागतील."

तिला या धावपळीचं फार हसू यायचं. शहरातले लोक पिठासाठी रांगा लावतात हे पप्पूनं फोनवर सांगितलं, तेव्हा तिनं आनंदरावांकडे असं पाहिलं की लोणच्याच्या मागच्या लोणच्याचाही वाद एकदम मिटला. गाव चार महिने बंद राहिलं असतं तरी तिच्या चुलीला काही कमी पडलं नसतं. तिनं सगळं साठवलं होतं. एक पंप तेवढा जास्तीचा आणलेला नव्हता. तो संपत आला की आनंदराव स्वतःच भोरला जाऊन आणत, म्हणून तिनं तिकडे लक्ष घातलं नव्हतं.

मग खोकल्याचे दिवस आले. गावात कोरोना नव्हता, पण त्याचा धाक होता. मोबाईल लावला की पलीकडून आधी कुणीतरी खोकायचं आणि मग सूचना सुरू व्हायची. आनंदराव म्हणाले, "बघ, सरकारबी खोकतंय, मला एकट्याला कशाला बोलतीस?" बाळाबाई हसली नाही. सकाळ-संध्याकाळ सावळाराम गाडीवरून भोंगा घेऊन आळीतून जायचा, "ज्यांना ताप, खोकला, धाप असंल त्यांनी ताबडतोब कळवावं, लपवू नये." कामथडीकडच्या एका म्हाताऱ्याला असंच खोकला आला म्हणून गाडीत घालून नेलं, आणि घरच्यांना पुन्हा तोंडसुद्धा दिसलं नाही, अशी बातमी कुणाच्या तरी मोबाईलवरून फिरत फिरत आळीत पोचली. खरी की खोटी, देव जाणे. कुणी पाहिलं नव्हतं. पण बाळाबाईच्या काळजात ती काट्यासारखी रुतली ती रुतलीच.

"ह्यांना न्हेलं तर?" एवढंच तिच्या डोक्यात. भाकरी थापताना तेच, भांडी घासताना तेच. आनंदराव पहाटे खोकायला लागले की ती दारं-खिडक्या लावून घ्यायची, त्यांच्या तोंडापुढे गोधडी धरायची. "हळू खोका वं!" आता हळू खोकायचं कसं हे दम्याच्या माणसाला कुणी शिकवलंय? बिचारे तोंडात पंचा कोंबून खोकायचे आणि लाल व्हायचे. पण कोंबडं झाकून तांबडं फुटायचं राहतंय होय!

वाट सापडली ती योगायोगानं. डंक बंद असला तरी मसाला तर करायलाच हवा होता, म्हणून एका सकाळी तिनं अंगणातली चूल पेटवून मिरच्या भाजायला घेतल्या. नेमका तेव्हाच सावळाराम दाराशी आला, आणि नेमका तेव्हाच आतून खोकला सुरू झाला. बाळाबाईच्या हातातलं उलथनं कढईतच राहिलं. सावळारामानं कान टवकारले, "काकू, आत कोण खो—" आणि पुढचं त्याच्या तोंडातून बाहेरच पडलं नाही. मिरचीचा असा ठसका लागला की भोंगा तोंडाशी धरलेलाच राहिला आणि त्याचं खोकणं साऱ्या आळीनं मोठ्या आवाजात ऐकलं. समोरची सखूबाई खोकली, तिची सून खोकली, गोठ्यातली म्हैससुद्धा शिंकली. सावळारामानं गाडीला किक मारली आणि नाक धरून पळ काढला.

बाळाबाई कढईकडे बघत राहिली. सगळ्या आळीत खोकला चालू होता, आणि त्यात आनंदरावांचा कुठला हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

त्याच दिवशी तिनं सखूबाईला हाक मारून सांगितलं, "मिरच्या माज्याकडं आणून टाका समद्या. डंक बंद हाय तर उखळात कुटा आपापल्या घरी, पर भाजून म्याच देते. रोज सकाळी थोड्या थोड्या भाजीन." ओट्याच्या कडेला लांबूनच पिशव्या ठेवल्या जाऊ लागल्या. पहाटे आनंदरावांना मागच्या खोलीत बसवायचं, दाराला जाड कापडाचं ओलं चवाळं टांगायचं, आणि अंगणात चूल पेटवायची. वारा पश्चिमेकडून यायचा, तो धूर उचलून आळीत न्यायचा. घर त्यातून सुटायचं. आतला खोकला थांबला की इकडे कढई उतरायची. तिला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटायला लागलं. पाप लपवावं तसा ती एका म्हाताऱ्या माणसाचा जुना दमा लपवत होती, आणि चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, समोरून कुणी नुसतं पाहिलं तरी तिला वाटायचं, ह्याला कळलं.

मिरच्या काही संपेनात. आपापल्या वाट्याच्या भाजून झाल्या तरी बायका आणखी आणून ठेवायच्या. सखूबाईनं तर गेल्या सालच्या उरलेल्या आणल्या.

"अगं, येवढं तिखट कवा खायला लागलीस गं तू?" बाळाबाई म्हणाली.

"घरात बसून तोंडाला चव न्हाई ऱ्हायली," सखूबाई पदरानं नाक पुसत म्हणाली. "भाजा तुमी निवांत."

आशाताई म्हणून घरोघर फिरणारी अश्विनी गावाचीच सून. ती मास्क लावून रोज ओट्याखाली उभी राहायची. "आत्या, कुणाला ताप, खोकला?"

"न्हाई गं बाई."

"मामा कुठं हायेत? जरा बघू द्या की त्यांना."

"शेताव गेल्यात."

मामा शेतावर गेलेत हे सांगताना मामा मागच्या खोलीत पंचा तोंडात धरून बसलेले असायचे. अश्विनी ओल्या डोळ्यांनी, म्हणजे धुरानं ओल्या, बाळाबाईकडे क्षणभर बघायची. "काय लागलं तर सांगा, आत्या," म्हणायची आणि पुढच्या घरी जायची.

लागत तर होतंच. पंप संपत आला होता. आनंदराव तो हलवून कानाशी धरायचे आणि पुन्हा उशाला ठेवायचे. भोरला जायचं तर नाक्यावर विचारणार, कुठं चाललात, कशाला चाललात. दुसऱ्याकडून मागवायचा तर दम्याचा पंप पाहिजे म्हणून दवंडी पिटल्यासारखंच. बाळाबाई म्हणाली, "जरा दमानं वापरा." ते हसले. "दमाच न्हाई, दमानं कुठनं वापरू?" तरीही त्यांनी वापर कमी केला. पण औषध काटकसरीनं पुरवायची वस्तू नव्हे. दात कोरून पोट भरत नाही, हे वर्षाचा शिधा भरणाऱ्या बाईला कुणी सांगायची गरज नव्हती. भीतीनं तिची तेवढी अक्कल गहाण पडली होती.

वैशाख सरत आला. वळवाचे ढग दुपारचे जमायचे आणि वारा कधी इकडून, कधी तिकडून सुटायचा. त्या सकाळी बाळाबाईनं सखूबाईच्या मिरच्या कढईत टाकल्या, आणि वारा फिरला. एरवी आळीत जाणारा धूर सगळाच्या सगळा घरात घुसला. ओलं चवाळं त्यापुढे काय टिकणार? तिनं धावत जाऊन पाहिलं, तर मागच्या खोलीत आनंदराव भिंतीला पाठ लावून बसलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर, मान पुढे, आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज. खोकत नव्हते. खोकायला आत वारंच शिरत नव्हतं. त्यांनी पंप तोंडात धरून दाबला, त्यातून काहीच आलं नाही. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता, आणि तेच तिला सोसवलं नाही.

करायला गेली गणपती आणि झाला मारुती. ज्या माणसाला कुणी नेऊ नये म्हणून धूर केला, त्याच माणसाचा श्वास तिनं आपल्या हातानं कोंडला होता.

इतके दिवस आवाज बाहेर जाऊ नये म्हणून धडपडलेली बाळाबाई तशीच अनवाणी अंगणात आली आणि आळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशी ओरडली, "अवं या गं कुणीतरी! ह्यांना दम लागलाय! ह्यांना वाचवा!"

तिला वाटलं होतं, दारं लागतील. दारं धडाधड उघडली. सखूबाईनं येताच जळती कढई उचलून लांब ओतली आणि चुलीवर घागर उपडी केली. तिच्या सुनेनं घराची मागची-पुढची दारं सताड उघडली. सावळारामानं आनंदरावांना पाठीवर घेऊन मोकळ्या ओट्यावर आणून बसवलं, मास्क हनुवटीवर घसरला तरी त्याचं भान त्याला नव्हतं. मग त्यानं एकशेआठला फोन लावला. पलीकडून आधी तोच खोकला आणि तीच सूचना सुरू झाली, तेव्हा सावळारामानं त्या सूचनेला अशी शिवी घातली की ती इथं लिहिता येत नाही.

अश्विनी धावत आली. बोटाला यंत्र लावून तिनं आकडा पाहिला आणि तिचा चेहरा बदलला.

"अश्विनी, त्यांना कोरोना न्हाई गं," बाळाबाई तिच्या पुढ्यात हात जोडून म्हणाली. "जुना दमा हाय. खरंच दमा हाय."

"म्हाईत हाय मला दमा हाय ते!" अश्विनीचा आवाज चढला. ती सून असूनही त्या दिवशी आत्याला रागावली. "पंप कुठंय?"

"संपला."

"कवा?"

बाळाबाईनं रिकामा पंप तिच्या हातात ठेवला.

"आत्या, येवढं एक सांगायचं ना वं! म्या रोज दारात येऊन इचारत व्हते. भोरातनं संध्याकाळच्या आत आणून दिला असता."

गाडी आली. पांढऱ्या कपड्यांत डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली दोन माणसं उतरली. बाळाबाईनं ज्या दृश्याला भिऊन सारा वैशाख धुरात घालवला, ते तिच्या अंगणात उभं होतं, आणि तिनंच हाका मारून आणलेलं. आनंदरावांच्या तोंडाला ऑक्सिजन लावला. ती गाडीत चढायला लागली तर त्या माणसांनी अडवलं, कुणालाच येता येणार नाही म्हणाले. ती दाराची कडी धरून उभी राहिली. "म्या कोपऱ्यात बसंन. बोलणार न्हाई कायसुदिक." बाळाबाई बोलणार नाही म्हणते, म्हणजे केवढी वेळ आली असेल! सखूबाईनं तिची बोटं कडीवरून सोडवली. दार लागताना आनंदरावांनी हात वर केला. तिला मनोमन वाटलं, हे शेवटचं. बघून घ्यावं नीट.

पुढचे दिवस तिच्या घरात चूल फक्त डब्यापुरती पेटली. मऊ भात, मुगाचं पातळ वरण, वर चमचाभर तूप, मिरचीचं नाव नाही. सावळाराम तो डबा भोरच्या सरकारी दवाखान्याच्या फाटकापर्यंत नेऊन द्यायचा. स्वतःसाठी तिनं काही रांधलं नाही. कणगी भरलेली, डबे भरलेले, लोणच्यामागे लोणचं, आणि घरधनीण ओट्यावर उपाशी बसलेली. सखूबाई भाकरी-कालवण आणून समोर बसायची, अंतर राखून. "खा. तुमी न्हाई खाल्लं तर म्याबी बसते उपाशी." मग ती दोन घास खायची. कालवणात तिच्याच हातानं भाजलेल्या मिरचीचा मसाला असायचा. तिला त्याची चव लागत नव्हती. ती रडलीही नाही. रडली तर काहीतरी वाईट घडेल असं तिला वाटत होतं, म्हणून तिनं तेही कोंडून ठेवलं.

आनंदरावांच्या नाकात काडी घालून तपासणी झाली. कोरोना निघाला नाही. औषधं लागू पडली, श्वास मोकळा झाला, आणि एका सकाळी तीच गाडी त्यांना आळीच्या तोंडाशी सोडून गेली. हातात पिशवी, पिशवीत नवा पंप. अश्विनीनं आणखी दोन आणून ठेवले होते. "हे बी साठवायचं असतं, आत्या," एवढंच ती म्हणाली.

बाळाबाईनं त्यांना ओट्यावर बसवलं, गरम पाणी दिलं. गाल बसले होते, दाढी वाढली होती. आळीतली माणसं आपापल्या दारात उभी होती. ती नजर चुकवत हळूच म्हणाली, "खोकला आला तर आत चला." आणि सांगून ठेवल्यासारखा तो आलाच. चालून आल्याचा, साधाच, पण ओट्यावरून आळीभर जाणारा. बाळाबाई उठून त्यांच्या पुढे उभी राहिली, जणू पदरामागे तो आवाज झाकणार होती.

समोरच्या ओट्यावरून सखूबाई म्हणाली, "आला बाई एकदाचा आवाज! आवं, आमचं घर उठतं त्या खोकल्यावर. ह्या दिसांत पोरांना उठवता उठवता सून कटाळली. म्हशीची धार बी उशिरा निघाली."

"म्हंजी?" बाळाबाई म्हणाली. "तुमास्नी म्हाईत व्हतं?"

"ओट्यासमोर ओटा हाय, बाळाबाई. तीस वर्सं ऐकतोय आमी."

"मंग येवढ्या मिरच्या..."

"तुमी भ्यालेल्या दिसत व्हत्या," सखूबाई म्हणाली. "तुमचा जीव तेवढाच थाऱ्यावर ऱ्हातोय तर आमी म्हटलं, ऱ्हाऊ दे. ठसका लागंल, आनिक काय हुईल? पर पंप संपल्याचं नव्हतं म्हाईत, न्हाईतर देवाशपथ कढई लाथाडली असती म्या."

सावळाराम आपल्या दारातून ओरडला, "काकू, माजे डोळे अजून चुरचुरत्यात!" आणि आळी हसली.

बाळाबाईला हसता आलं नाही. साऱ्या आळीनं महिनाभर मुकाट्यानं तिच्या मिरच्यांचा धूर खाल्ला होता, तिच्या भीतीची लाज राखण्यासाठी. आणि ती दारं लावून, एकटीनंच जग अंगावर घेऊन बसली होती. ती तिथंच पायरीवर खाली बसली, पदर तोंडाला लावला आणि इतक्या दिवसांचं साचलेलं सगळं एकदम बाहेर आलं. हुंदक्यांनी तिचे खांदे गदगदत होते, आणि कोण बघतंय याची तिला फिकीर नव्हती.

आनंदराव घाबरे झाले. त्यांनी तिला असं रडताना कधी पाहिलं नव्हतं. पाण्याचा तांब्या बाजूला सारून ते एक पायरी खाली उतरले आणि तिच्या शेजारी बसले.

"अगं, आता काय रडतीस? आलो की म्या."

"आलात म्हणूनच," बाळाबाई म्हणाली.